फवारणीला गेलेला ट्रेंचकोट

मित्रांनो, मी एक जुना ट्रेंचकोट आहे. रंग मातकट, खांद्यांवर पट्ट्या, छातीवर बटणांच्या दोन ओळी आणि कमरेला रुंद पट्टा. एका थंड, पावसाळी परदेशात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिरांनी माझ्या घट्ट विणीच्या सुती कापडावर पाणी अडवणारा लेप दिला होता. पाऊस पडला की अळूच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब माझ्या अंगावरून खाली जात.

पुढे मालक बदलले, मी जुना झालो आणि एका गठ्ठ्यात दबून बोटीने या देशात आलो. यवतमाळला थंडीत जुन्या कपड्यांचा बाजार भरतो. तिथे स्वेटरांच्या ढिगाखालून मला बापूजींनी शोधून काढलं.

बापूजी राळेगावला एका शाळेत ग्रंथपाल होते. फार लाजाळू माणूस. समोरून ओळखीचं कुणी आलं तर रस्त्याची बाजू बदलायचे. जुने ट्रेंचकोट जमवायचे आणि घालायचे, एवढा एकच त्यांचा शौक. खुंट्यांवर आम्ही सगळे ओळीने असायचो. ते आमचे खिसे उलटे करून झटकत, पितळी कड्या चिंचेने घासत आणि दरवर्षी आम्हाला कोमट साबणाच्या पाण्यात धूत. त्या प्रेमाच्या धुण्यातच माझा लेप हळूहळू निघून गेला. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं.

गावात थट्टा चालायची. "काय बापूजी, शूटिंग कुठं हाये आज?" पानठेल्यावरून कुणीतरी विचारी. त्यांच्या पत्नी बेबीताई म्हणत, "एवढ्या गर्मीत कोट! तुम्हाले पाहूनच मले घाम येते." बापूजी मान खाली घालून हसत.

एका भुरभुर पावसाच्या सकाळी मात्र तांड्यावरचा शेतकरी धरमसिंग वाटेत थांबला आणि माझ्या बाहीला हात लावून म्हणाला, "काय दणकट रेनकोट हाये, बापूजी!" थट्टेची सवय झालेले बापूजी हरखून गेले. एरवी ते हळू आवाजात दुरुस्ती करीत, रेनकोट नव्हे, ट्रेंचकोट. त्या दिवशी केली नाही. उलट म्हणाले, "थेंब आत जात नाही याच्यातून."

"मंग उद्या मले द्या न. कपाशीवर फवारनी करून राह्यलो. औषध लय उडते अंगावर."

बापूजी घुटमळले. पण नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेतात होतो. कपाशी धरमसिंगच्या छातीला लागत होती. पाठीवर पंप, हातात नळी. वारा फिरला आणि औषधाचे तुषार माझ्यावर बसू लागले. ते ओघळले नाहीत. मी ते पीत गेलो. आधी बाह्या भिजल्या, मग छाती, मग अस्तर. अस्तराच्या आत घामाने चिंब झालेली त्याची बंडी होती. मी जड होत होतो आणि तो निर्धास्त होत होता.

बांधावरून त्याची बायको धुरपताबाई ओरडली, "अवो, वाऱ्याकडं तोंड करून काहून मारून राह्यले? सारं अंगावर येते न!"

"येऊ दे वं. बापूजीचा कोट हाये."

तो पुन्हा पुन्हा डोळे चोळत होता. माझ्याच बाहीने तोंडाची लाळ पुसत होता. मित्रांनो, ओरडता येत नाही म्हणून मी इतका कधीच तडफडलो नव्हतो.

तेवढ्यात बांधावर सायकल आपटल्याचा आवाज आला. बापूजी नुसत्या बनियनवर धावत येत होते.

"धरमसिंग! कोट काढ! आत्ताच्या आत्ता!"

धरमसिंगचा चेहरा पडला. "खराब झाला म्हनून धावत आले काय? धुवून देतो न, बाप्पा. एवढी ओळ तर होऊ द्या."

"कोटाचं नाही रे..." बापूजी धापा टाकत म्हणाले. धरमसिंगने पाठ फिरवली आणि पुन्हा पंप मारू लागला. दुखावलेला माणूस ऐकत नसतो.

बापूजी कपाशीत घुसले. त्यांनी पंप त्याच्या खांद्यावरून ओढून काढला. माझं बक्कल भिजून घट्ट बसलं होतं, निघेना. तेव्हा त्यांनी धुरपताबाईच्या हातातला विळा घेतला आणि माझा पट्टा कापला. मग बटणं, वरपासून खालपर्यंत.

धरमसिंग बघतच राहिला. "बापूजी, आपलाच कोट फाडून राह्यले तुम्ही!"

"फाटू दे! लेप गेलाय त्याचा. रात्रभर मनात शंका होती. आज घरी दुसऱ्या कोटावर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, सगळं आरपार. सारे एकाच साबणाने धुतले मी. विष तुझ्या अंगाला लागलंय, गड्या!"

धरमसिंगने बंडी चाचपली. ती ओली होती. मग तो खाली बसून ओकू लागला. धुरपताबाईने त्याला विहिरीवर नेऊन साबणाने घासून धुतलं. कुणाच्यातरी ऑटोतून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मी सरीत पडून राहिलो. तो जगला की गेला, मला कळायला मार्ग नव्हता. कपाशी हलली की मी कान द्यायचो, पण तो नुसता वारा असायचा.

बऱ्याच दिवसांनी आज तो आला. वाळला आहे, पण स्वतःच्या पायांनी आला. बापूजी हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून विहिरीपासून दूर, पडीक जागेत खड्डा खणत आहेत.

"शिवून घ्या न, बापूजी. धुरपता मस्त शिवते."

"नाही."

"मंग एखादं बटन तरी ठेवा."

बापूजींनी वाकून माझ्या छातीवरची उरलेली बटणं पाहिली. "बटणालाही लागलं असेल," ते म्हणाले आणि काठीने मला उचलून खड्ड्यात ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. हौसेने वापरा, मिरवा. पण त्यांना आता काय जमत नाही हेही कधीतरी पाणी ओतून पाहा, आणि कुणी मागायला आलं तर आधी तेच सांगा.

कॉलरवर माती पडते आहे. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. वर बापूजी धरमसिंगला दटावत आहेत, "तू फावडं उचलू नको, बस तिकडं सावलीत!" आणि त्या लाजाळू माणसाचा आवाज शेजारच्या शेतापर्यंत जातो आहे.