एका आदिम कृष्णविवराची कैफियत

मी एक जुनं कृष्णविवर आहे. म्हणजे, असलो तर! हसू नका, मित्रांनो. मी आहे की नाही, हेच अजून कुणाला ठाऊक नाही. अशानं आत्मवृत्त सांगायचं म्हणजे पंचाईतच की!

बाकीची कृष्णविवरं मोठे तारे मेल्यावर होतात. माझं तसं नाही. विश्व जन्मून एक सेकंदही झाला नसेल, तेव्हा एके ठिकाणी फार दाटी झाली आणि ती आपल्याच भारानं आत कोसळली. तोच माझा जन्म. तेव्हा तारे नव्हतेच. पुढे भोवतीचा वायू मी ओढून जमवू लागलो. दुधाला विरजण लागावं तसा तो माझ्याभोवती घट्ट होऊ लागला आणि ताऱ्यांची गावं, म्हणजे दीर्घिका, लवकर वसल्या असतील. पण माझ्यात पडताना वायू तापतो, आणि तापलेल्या वायूचे तारे होत नाहीत. म्हणजे कुठे मी आडवाही आलो असेन. खादाड म्हणून बदनाम झालो ते वेगळंच!

मी असेन, असं शास्त्रज्ञांनी पन्नासेक वर्षांपूर्वी सुचवलं; पण मधली कित्येक वर्षं माझं नाव कुणी फारसं काढलं नाही. मग अवकाशातल्या नव्या दुर्बिणीला फारच लवकर मोठ्या झालेल्या दीर्घिका दिसल्या आणि शास्त्रज्ञांना माझी आठवण झाली. खरं सांगतो, बरं वाटलं.

मंगळवेढ्याच्या दाक्षायणीनंही मला शोधायचं मनावर घेतलं. सोलापुरात एमएस्सी झालेल्या या मुलीला पुण्यात संशोधनाची जागा मिळाली. तिचे वडील मायाप्पा बोअर मारायची गाडी चालवतात. त्यांनी जेवता जेवता अट घातली.

"ती वस्तू खरंच हाय, असं माज्या गळ्याची शपथ घिऊन सांग. मग जा."

'हो म्हण गं बाई!' मी मनात म्हणालो. तिचं जाणं झालं असतं आणि माझं असणंही.

तिनं घास ताटात ठेवला. "न्हाय सांगता येत, आप्पा. असंल बी, नसंल बी."

"मग हुडकायला कशाला जातीस?"

"नसंल, तर न्हाय हे तरी कळंल की."

मायाप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "पाणी लागणारच, असं लोकान्ला सांगत सुटलो असतो, तर लई गाड्या झाल्या असत्या माज्या. जा तू. पर तितं बी असंच बोल."

मला भरून आलं.

मित्रांनो, तुम्हीही मला शोधा. सापडलो तर गावभर सांगा. नाही सापडलो, तर माझ्यासाठी खोटं बोलू नका, सरळ नाही म्हणा. मी रागावणार नाही. रागावायला मी असेनच कुठे?