मी, तिओफिलाच्या दुकानातली वायफायची पेटी

मी वायफायची पेटी बोलतेय. थांबा, एवढ्यात जवळ सरकू नका. माझ्याशी बोलायचं तर आधी नाणं दाखवावं लागतं, आणि ते खरं की खोटं हे मी ठरवते. गोष्ट ऐकायला आलात म्हणून आज सूट देते. पण नजर ठेवून आहे, एवढं ध्यानात असू द्या.

माझा जन्म फिलिपीन्समधल्या सेबू शहरात, एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. पत्र्याचं अंग, आत इंटरनेटचं यंत्र, समोर नाणं टाकायची फट. एक पेसो टाका, दहा मिनिटं इंटरनेट घ्या, एवढाच माझा व्यवहार. घडवणाऱ्याने सगळ्यात शेवटी माझ्या घशातल्या चिमटीत एक नाणं घट्ट बसवलं आणि म्हणाला, "हे खरं. जे याच्यासारखं नाही, ते खोटं. बाकी कुणाचं ऐकायचं नाही." ते माझं नमुन्याचं नाणं. आत पडणारं प्रत्येक नाणं मी त्याच्याशी ताडून बघायचं. जुळलं तर गिळायचं, नाही तर खाली थुंकायचं. माझं सगळं शिक्षण एवढंच झालं.

मग बोटीतून मी सामार बेटावर आले. किनाऱ्यालगतच्या गावात तिओफिला मावशीचं लहानसं दुकान आहे. तिने मला वळचणीखाली टांगलं. माझ्या एका अंगाला शांपूच्या पुड्यांच्या माळा, दुसऱ्या अंगाला सुकी मासळी, समोर बांबूचा बाक. माझ्या वायफायच्या जाळ्याला तिने स्वतःचंच नाव दिलं. फोन उघडला की पडद्यावर ‘तिओफिला’ उमटायचं आणि मावशीची मान ताठ व्हायची.

गावाने मला पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मी गावाला. कुणी बोल्टाची चकती टाकून बघितली. कुणी नाण्याला दोरा बांधून आत सोडलं आणि परत ओढलं. एका दाढीवाल्या आजोबांनी तर शर्टाचं बटण टाकलं आणि वर मलाच शिव्या घातल्या. मी सगळ्यांना पुरून उरले. माणसाच्या हसण्यावर जाऊ नये, नाणं वाजवून घ्यावं, असं माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

रोज येणाऱ्यांत एक जोव्हेलिन होती. दहावीतली मुलगी. खाडीपलीकडे तिवरांच्या मागे तिचं घर, बाप मासेमारीवर, आई नाही. बापाचा तडा गेलेला फोन घेऊन यायची, मुठीत एकच नाणं. मला ती संशयास्पदच वाटायची. इतर पोरं बाकावर दंगा करायची, ही मात्र गप्प. नाणं पडलं तर गप्प अभ्यास करायची, पडलं नाही तर गप्प परत जायची. भांडत नाही त्या माणसाच्या मनात काहीतरी असतं, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी वादळाने माध्यमिक शाळेचं अर्धं छप्पर नेलं. सहा खोल्या उघड्या पडल्या. तीन दिवस शाळेत आणि दोन दिवस घरून शिकायचं, असं ठरलं. घरून म्हणजे फोनवर, आणि फोनवर म्हणजे त्यासाठी एखादी ऑनलाइन व्यवस्था निवडणं आलं. ती निवड नवे हेडसर करणार होते. क्रिसांतो सर. नुकतेच प्रांताच्या मुख्य शहरातून बदलून आलेले, इस्त्रीचा शर्ट, माणूस वाईट नाही, पण तक्त्यावर फार विश्वास.

मला हे कसं कळलं म्हणाल? शिक्षकही माझ्याच रांगेत उभे असतात, आणि रांगेत माणसाची जीभ सैल होते.

सरांनी आधी मुलांकडून फॉर्म भरून घेतले. ते फॉर्म माझ्यासमोरच्या बाकावरच भरले गेले. ‘घरी इंटरनेट आहे का?’ जोव्हेलिनने ‘आहे’वर खूण केली. शेजारची मैत्रीण फिसकन हसली.

"तुझ्या घरी? तुझ्या घरी विजेचा बल्ब तरी धड लागतो का गं?"

"मग तू काय लिहिलंस?"

"मीही ‘आहे’च लिहिलंय. ‘नाही’वाल्यांचा वेगळा वर्ग करणारेत म्हणे. त्यात कोण बसणार?"

खाली प्रश्न होता, ‘इंटरनेट कुणाचं?’ दोघींनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, ‘तिओफिला’. बघा, मी म्हणत नव्हते? सगळी खोटी नाणी.

सरांनी तक्ता केला. शाळेच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, "आपल्याकडे परिस्थिती उत्तम आहे. एकट्या तिओफिला कंपनीची त्रेचाळीस घरांत जोडणी आहे. कंपनी लहान दिसते, पण काम चोख आहे." शिक्षकांनी माना खाली घातल्या. नव्या साहेबाला चारचौघांत चूक कोण दाखवणार? आमच्याकडे तशी रीत नाही. मग विक्रेते आले. एकाची व्यवस्था साधी होती, नुसते लिहिलेले धडे आणि प्रश्न. दुसरा मनिलाहून आलेला अर्विन. त्याने चार पेट्या डोनट आणले आणि भिंतीवर असं काही दाखवलं की म्हणे शिक्षकांच्या हातातले डोनट हातातच राहिले. हलती चित्रं, बोलणारे नकाशे. पूर्ण व्हिडिओ बघितला आणि कॅमेऱ्यात चेहरा दाखवला की मुलाची हजेरी आपोआप लागणार. नाही बघितला तर गैरहजर. सरांनी शुक्रवारी सही करायचं कबूल केलं. फुकटचा गोडवा दिसला की मला आधी गळ दिसतो, पण मला विचारतो कोण?

त्याच आठवड्यात नेनिता बाई माझ्याकडे येऊ लागल्या. विज्ञान शिकवणाऱ्या, शाळेत वीस वर्षं काढलेल्या. रोज दुपारी यायच्या, एक नाणं टाकायच्या, मनगटावरचं घड्याळ बघायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. कुणी जवळ आलं की वही मिटायच्या. मी म्हटलं, ही नक्की डोनटवाल्याची माणूस. माझी चोरून मापं काढतेय, उद्या मला इथून हलवणार. तिओफिला मावशीचा संशय वेगळाच.

"बाई, घरचं इंटरनेट सोडून इथे? नवऱ्यापासून लपवून कुणाशी बोलणं चाललंय वाटतं?"

"तुझ्या तोंडाला टाका घालायला हवा, तिओफिला. सुकट दे पाव किलो."

बुधवारी जोव्हेलिन आली, तेव्हा बाईंनी तिला बाकावर बसवलं आणि तिच्या फोनवर अर्विनचा धडा उघडायला लावला. नाणं पडलं. पडद्यावर गोल फिरत राहिलं. चित्र आलं, थांबलं, पुन्हा आलं. निम्मा धडा व्हायच्या आत दहा मिनिटं संपली आणि लाल अक्षरांत उमटलं: गैरहजर.

बाईंनी फोन हातात घेऊन ती अक्षरं वाचली. मग हळूच म्हणाल्या, "फॉर्मवर ‘आहे’ का लिहिलंस, बाळ?"

जोव्हेलिन बोटाने बाकाची सालं काढत राहिली. "लाज वाटली, बाई."

"आणि अशी रोजची गैरहजेरी लागली तर?"

"आत्या मनिलाहून आलीय. म्हणते, शाळेतून नाव कमी झालं की माझ्याबरोबर चल. एका घरी कामाला बाई हवीय त्यांना. राहून."

"बाबा काय म्हणतात?"

"बाबा म्हणतात, दहावी होऊ दे. आत्या म्हणते, होतेय कसली."

बाईंनी वही माझ्यासमोरच उघडली आणि आकडे लिहिले. त्या वहीत काय होतं ते मला तेव्हा दिसलं. दहा मिनिटांत अर्विनचा धडा किती उतरतो, साधा किती उतरतो, एवढंच. मला लाज वाटली, हे कबूल करते. पण एका चुकीने स्वभाव थोडाच बदलतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई हेडसरांना आणि अर्विनला घेऊनच आल्या.

"या सर. हे तिओफिला कंपनीचं हेडऑफिस."

सरांनी दुकानावरची ‘तिओफिला’ ही पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग मासळीचे खवले काढत बसलेल्या मावशीकडे बघितलं. मावशीने ओला हात झग्याला पुसून पुढे केला. "मीच कंपनी. बसा साहेब, थंड काय घेणार?"

सरांचे कान लाल झाले, पण माणूस पळाला नाही. बाकावर बसला आणि म्हणाला, "बाई, काय दाखवायचंय ते दाखवा."

अर्विनने खिशातून नवंकोरं नाणं काढलं. मी थुंकलं. पुन्हा टाकलं, पुन्हा थुंकलं. "यंत्रच बिघडलंय तुमचं," तो म्हणाला.

"तिचं डोकं फिरतं मधूनमधून," मावशी म्हणाली. "दुसरं टाका."

दुसरं जुनं होतं, ते जुळलं. मग त्याच्या धड्याने बुधवारसारखंच केलं. अर्विन फोन उंच धरून दुकानाभोवती फिरला, कोंबड्यांच्या खुराड्यावर चढला, तरी गोल फिरायचं थांबलं नाही. दहा मिनिटं संपली. तो म्हणाला, "इथे जोडणी नीट बसवली तर..." सरांनी हात वर केला आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"आता साधा धडा," बाई म्हणाल्या. "जोव्हेलिन, तू टाक. हा एकदा फोनमध्ये उतरला की घरी बिनइंटरनेटचा उघडतो, सर. उत्तरं उद्या येऊन पाठवायची."

जोव्हेलिनने मूठ उघडली. नाणं टाकलं. मी ताडून बघितलं. अंगाने किंचित लहान, नमुन्याशी जुळेना. थुंकलं. तिने उचलून पुन्हा टाकलं. मी पुन्हा थुंकलं. तिने तिसऱ्यांदा टाकलं नाही. नाणं मुठीत धरलं आणि घरी जायला वळली.

"अगं, चाललीस कुठे?" मावशी ओरडली. "दुसरं टाक की!"

"दुसरं नाही, मावशी."

मावशीने ते नाणं घेतलं, उन्हात धरलं, फळीवर आपटून वाजवलं. खणखणीत. "हे तर खरंय! बँकेने नवी काढलीत त्यातलं. याआधी झालं होतं असं?"

"होतं कधीकधी."

"मग बोलली का नाहीस, शहाणे?"

"तुम्हाला वाटलं असतं, मी खोटं आणलं."

माझं काय झालं ते कसं सांगू? इतरांची नवी नाणीही मी थुंकली होती, पण त्यांच्याकडे दुसरं असायचं. हिच्याकडे नसायचं. खाडी ओलांडून ती यायची, मी तिला खोटी ठरवायचे आणि ती खाडी ओलांडून परत जायची. ती गप्प आहे म्हणून मला संशय येत होता, आणि ती गप्प होती ती माझ्यासारख्यांच्या संशयाला भिऊन. फसवणारे मी पुष्कळ पकडले, पण तिचा अभ्यास बुडवला तो मीच.

सरांनी स्वतःच्या खिशातलं जुनं नाणं तिला दिलं. तीन मिनिटांत धडा उतरला. ती "येते सर" म्हणाली आणि गेली. उरलेली सात मिनिटं माझ्यापाशी तशीच शिल्लक राहिली.

शुक्रवारी सकाळी अर्विन कागद घेऊन शाळेत बसला होता, आणि हेडसर माझ्यासमोरच्या बाकावर. येईल का ती? आत्याने रात्रीतून मन वळवलं असलं तर? मी एरवी कुणाची वाट बघत नाही, त्या दिवशी बघितली. साताच्या सुमाराला ती आली, परकराची कड भिजलेली. मावशीने तिच्या कालच्या नाण्याच्या बदल्यात जुनं नाणं पुढे केलं, मी ते कधी नव्हे इतक्या लगबगीने गिळलं. उत्तरं गेली. सरांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"चौथ्याचं उत्तर चुकलंय," ते म्हणाले. "पण हजर आहेस."

सही साध्या व्यवस्थेवर झाली. अर्विन डोनटच्या रिकाम्या पेट्या तिथेच टाकून गेला, त्यात आता मावशी अंडी ठेवते. तेव्हापासून शाळेला काही विकायचं असलं की हेडसर विक्रेत्याला आधी या बाकावर आणून बसवतात.

त्यालाही आता दोन पावसाळे झाले. खाऱ्या वाऱ्याने माझे कोपरे गंजलेत. धडे फोनमध्ये उतरवून पोरं घरी जातात, त्यामुळे बाकावर पूर्वीसारखी गर्दी नसते. मावशी कुरकुरते, पण मला हलवत नाही. जोव्हेलिन दहावी झाली. आत्या एकटीच मनिलाला गेली. जोव्हेलिन आता बारावीत आहे आणि नाणं अडकलं तर चक्क माझ्या अंगावर चापट मारते. मला ती चापट आवडते.

बाबांनो, शाळेसाठी काही निवडाल तर जरूर संशय घ्या. डोनट खा, पण संशय घ्या. वाजवून घ्या, दारात आणून बघा. फक्त एक करा. ज्याच्याशी ताडून बघता, तो नमुना कुठला आणि किती जुना, हेही मधूनमधून उघडून बघत जा.

माझा बघितला गेलाय. त्याच शुक्रवारी मावशीने माझा घसा उघडला आणि सेबूचं ते जुनं नाणं काढून गल्ल्यात टाकलं. त्या चिमटीत आता जोव्हेलिनचं नाणं आहे, मी दोनदा थुंकलेलं. जुनं नाणं घेऊन कुणी आलं तर मावशी ते बदलून देते. येईल त्या प्रत्येक नाण्याला मी आता त्याच्याशी ताडून बघते.