खिडकीवरचा शेवटचा एक नंबर

नाव

सावित्री रामकृष्ण मोघे. हे झालं कागदावर. गल्लीत तिला सावित्री कुणीच म्हणत नाही. समोरच्या शर्बती जिज्जी प्रेमात असल्या की ‘बिन्नू’ म्हणतात आणि भांडण पेटलं की ‘बाईसाब’.

आज सकाळपासून बिन्नूचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा केला तो साखरेविना. देवाला हळद वाहिली, विसरली, परत वाहिली. आज वॉर्डाच्या कँपात नव्या वर्षाची घरपट्टी घ्यायला सुरुवात! सगळी झाशी तिला हाउस टॅक्स म्हणते, मोघ्यांच्या घरात मात्र अजून घरपट्टीच.

आणि पहिली पावती कुणाची?

हेच. सगळं हेच. नवरे गेले, मुलं नोकऱ्यांना लांब गेली, पण या दोघींची शर्यत सुटली नाही. खिडकी उघडली की वॉर्डातली एक नंबरची पावती आपली हवी, आणि हरेल तिने गल्लीला जिलबी द्यायची. लागोपाठ तीन वर्षं जिलबी सावित्रीनेच दिली होती. आता पुढल्या वर्षापासून खिडकीच बंद, सगळं मोबाईलवर. म्हणजे आजचा एक नंबर शेवटचा. आज हरली ती कायमची हरली.

मागील थकबाकी

घरपट्टीची, शून्य. जिज्जींच्या टोमण्यांची, विचारू नका.

पत्ता

नातीने, मनस्वीने, स्कूटी काढली. सावित्री मागे बसते न बसते तोच समोरच्या ओट्यावरून हाक आली.

“ओ बिन्नू! तनक रुकियो!”

जिज्जी खुर्चीत बसलेल्या, पाय प्लास्टरमध्ये. होळीच्या रंगपाण्यात घसरल्या होत्या. सावित्री तेव्हापासून रोज त्यांना शिरा नेऊन देत होती, आणि रोज शिरा वाढताना मनात म्हणत होती, यंदा एक नंबर माझा. मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घेत होती. मग पुन्हा म्हणत होती.

जिज्जींनी बिल आणि रुमालात बांधलेले पैसे पुढे केले. “मोरो सोई भर दियो. हमाओ को है जो जाए?”

म्हणजे जिज्जींचीही घरपट्टी सावित्रीनेच भरायची! “पहले किसका दूँ, जिज्जी?”

“बो तुम जानो, बाईसाब.”

बाईसाब! मनस्वी फिस्सकन हसली. तिला मराठी सगळी कळते, तोंडातून निघते हिंदी. “आजी, आप तो फँस गईं.”

“तू गाडी चालव.”

गाडी पळाली. उजव्या हातात मोघे, डाव्या हातात जिज्जी. माझं आधी. का नाही? मी चालत्या पायांनी जातेय. पण तिने विश्वासाने दिलं. विश्वासाने कसलं, मुद्दाम दिलं! खड्डा. माझं आधी. स्पीडब्रेकर. तिचं आधी. गाय आडवी. मनस्वी, हॉर्न दे! माझं. तिचं. माझं.

खिडकी

पोचल्या तेव्हा शटर अर्धं वर होतं. रांगेत कुणी नाही! सावित्री साडीचा पदर खोचून धावली आणि खिडकीच्या गजाला जाऊन भिडली. पहिली! काळीज असं उडत होतं की आतल्या श्रीकृष्णबाबूंनाही ऐकू गेलं असतं.

“आइए अम्माजी. अरे, दो-दो? एक-एक करके दीजिए. पहले कौन-सा?”

उजवा हात पुढे. मागे. डावा पुढे. मागे.

आणि तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी फोनवर बोललं, “अहो, सापडली खिडकी. एक काकूच आहेत पुढे. ठेवते.”

मराठी! झाशीत, टॅक्सच्या रांगेत, स्वच्छ मराठी! सावित्री गर्रकन वळली. दोन्ही हात तिच्याबरोबर वळले.

“अगं बाई! मराठी तुम्ही? कुठल्या?”

“साताऱ्याची. मी ऐश्वर्या. मिस्टर इथे जवळच, बबीन्याच्या लष्करी छावणीत होते, आता रिटायर झाले. इथेच घर घेतलं.”

“सातारा! माहेर की सासर?”

“अम्माजी, जमा करना है?” आतून आवाज.

“हाँ भैया, एक मिनट. हं, माहेर कुठलं?”

“माहेर वाईचं.”

“वाई! तरीच बोलणं असं गोड. मुलं किती? आता घरी यायचं हं, आजच यायचं—”

“आजी!” मनस्वी ओरडली. “आजी, देखिए तो!”

बाबूंचा हात गजांतून बाहेर आला होता, ऐश्वर्याचा कागद आत गेला होता, आणि शिक्का धाडकन पडला होता.

“मिळाली!” ऐश्वर्या लहान मुलीसारखी टाचांवर उडाली. “काकू, आमच्या घराची पहिली पावती!”

सावित्रीने पावतीवर पाहिलं. एक नंबर.

तिच्या तोंडाचा आ झाला. मग उजवा हात मुकाट्याने खाली गेला आणि डावा पुढे आला. मघाशी जे ठरत नव्हतं ते आता विचारायच्या आधीच ठरलं. “ये पहले लीजिए, भैया. शर्बती देवी.”

शेरा

जिज्जींनी आपली पावती डोळ्यांशी नेली. “दो! दो नंबर! हमें पता हतो, बाईसाब, अपना पहले करवा लओ!”

सावित्रीने आपली पावती त्यांच्या मांडीवर ठेवली. तीन.

जिज्जींनी दोन्ही पावत्या शेजारी धरून पाहिल्या. मग, “तो पहली कौन?”

“उसे भी ले आई हूँ. जिलबी खाने.”

मनस्वीच्या मागून ऐश्वर्या पुढे आली. मनस्वी हसत हसत सांगू लागली, आजी कशी माहेर विचारत बसली ते, आणि जिज्जी प्लास्टरसकट हलू लागल्या. “मायके के चक्कर में! अरी बिन्नू, मायके के चक्कर में!” हसून हसून डोळ्यांत पाणी. “मगर तीसरी तुम आईं. जिलबी तुमाई.”

“माझीच,” वाटेत घेतलेला जिलबीचा पुडा सोडत सावित्री म्हणाली. “दरवर्षीसारखी.”

ऐश्वर्याला काही उमगेना. तिने पावती वर धरली. “काकू, एक नंबर आला म्हणजे काही विशेष असतं का?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा दोघी एकाच बाजूला हरल्या होत्या.

“सँभाल के रखियो, बेटा,” जिज्जी म्हणाल्या.

“आणि आधी जिलबी घे,” सावित्री म्हणाली. “गरम आहे. पहिली तूच घे.”