वाटेवरचा शेवटचा ओंडका

या, असे जवळ सरकून बसा. मागे बसलेल्यांनीही पुढे या, जागा आहे. आज एका माणसाची गोष्ट सांगतो, ज्याचे पाय कधी एका जागी ठरत नसत. अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरातली गोष्ट आहे, पण मन लावून ऐकाल तर तो माणूस तुम्हाला परका वाटायचा नाही.

डेलबर्ट नाइगार्ड त्याचं नाव. उभा जन्म शाळेची बस चालवली, निवृत्त झाला, आणि सुटला बिचारा मोकाट. सकाळी कुंपण रंगवायला घेई, दुपारी ब्रश तसाच टाकून होडीची डागडुजी करायला धावे, संध्याकाळी होडीही राही आणि कुंपणही. मन निर्मळ, हात कष्टाळू, पण शेवटाला पोचण्याआधीच जीव पुढच्या कामात गुंतलेला. त्याची मोठी बहीण ॲव्हिस म्हणायची, "देवानं याला घडवलं, पण बसायला शिकवायचं राहून गेलं."

दर उन्हाळ्यात एक आठवडा मात्र तो वाटदुरुस्तीला जाई. पगार नाही, भत्ता नाही. पाठीवर पडशी घेऊन रानात शिरायचं, वाहून गेलेल्या पायवाटा भरायच्या, पाण्याला चर काढून द्यायचे, हिवाळ्याच्या वाऱ्यानं आडवी केलेली झाडं कापून वाट मोकळी करायची. त्या राखीव रानात यंत्राला कायद्यानं मज्जाव. मोटरची करवत नाही, चाकाची गाडी नाही. माणसाचे हात आणि खेचराची पाठ, एवढ्यावर सगळं.

यंदा जाताना त्यानं बहिणीला शब्द दिला होता. डोंगरावर एक तळं आहे. वडील दोघांना लहानपणी तिथे मासे धरायला नेत. ॲव्हिसला ते पुन्हा बघायचं होतं, पण तिचे गुडघे गेलेले. खेचरावर बसून जाता आलं असतं, पण वादळानं वाट बंद केलेली. डेलबर्ट फोनवर म्हणाला, "शनिवारी रसद घेऊन खेचरं वर येतात. त्यांच्याबरोबर ये. वाट मोकळी असेल."

"डेल, तुझ्या शब्दावर मी आजवर काय काय सोसलंय, आठवतंय ना?"

"या वेळी नसेल मोकळी, तर पुन्हा माझं तोंड बघू नकोस."

"बरं, नाही बघणार," म्हणाली आणि फोन ठेवला. ॲव्हिस बोलते ते करते. ते डेलबर्टला पक्कं ठाऊक होतं, आणि आठवडाभर तेच त्याच्या उरावर बसलं होतं.

शुक्रवारी दुपारी एकच झाड उरलं. पण झाड कसलं, डोंगरानंच वाटेवर हात आडवा टाकलेला! जुना फर, देवदाराच्या जातीचा वृक्ष, कमरेएवढा जाड, दोन्ही टोकं दगडांवर टेकलेली आणि मधला भाग वाटेवर अधांतरी. पथकाची प्रमुख मॉरीन किट्रिज बाकीच्यांना घेऊन वर तळ्याकाठची ढासळलेली कड बांधायला गेली. ओंडक्यापाशी राहिले डेलबर्ट आणि बॉइसी शहरातल्या इस्पितळात परिचारिका असलेली इनेस.

आता ही करवत कशी, ते सांगायला हवं. माणसाहून लांब पातं, दोन टोकांना दोन मुठी. एका मुठीला हा, दुसरीला तो. आपण आपल्याकडे ओढायचं आणि सोडून द्यायचं, मग समोरच्यानं त्याच्याकडे ओढायचं. ढकलायचं कुणीच नाही. ढकललं की पातळ पातं वाकतं. शिवाय अधांतरी ओंडका वरून कापत गेलं की चीर मिटू लागते. म्हणून चिरेत पाचरी ठोकत जायचं.

"पाचरींची पिशवी मागच्या ओंडक्यापाशी राहिली," इनेस म्हणाली. "आणते मी पळत."

"तू येईपर्यंत सूर्य कलेल. चार बोटं खोल कापून घेऊ, मग आण."

"डेलबर्ट, तुम्ही चार बोटांवर थांबणाऱ्यांतले नाही."

"धर ग मूठ!"

धरली तिनं. भुसा उडू लागला. चार बोटं झाली, वीत झाली. डेलबर्टच्या डोळ्यांपुढे खेचरावर बसलेली ॲव्हिस, आणि हात चालले पिसाटासारखे.

"ढकलू नका."

"कुठं ढकलतोय?"

"मग पातं पोट काढून माझ्याकडे का येतंय?"

तेवढ्यात कर्रर्र झालं आणि करवत थांबली. ओंडक्यानं तिला दातांत धरावं तशी धरली. इनेस धावत जाऊन पाचरी घेऊन आली, ठोकून ठोकून चीर उघडली, एका टोकाची मूठ सोडवून पातं बाहेर काढलं. पण मधोमध बाक आलेला. ती करवत आता सरळ चालणार नव्हती.

मॉरीन खाली आली. पात्यावरून हळूच बोट फिरवलं, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं. "ही माझ्या आजोबांच्या वयाची. आता असली कुणी घडवत नाही. हिनं मंदी पाहिली, महायुद्ध पाहिलं, आणि शेवटी तुला पाहून वाकली."

डेलबर्ट मान खाली घालून म्हणाला, "छोटी करवत दे. अजून उजेड आहे."

"उजेड आहे, हात थकलेत. थकल्या हातात मी करवत देत नाही. तुलाही नाही, तुझ्या पुण्याईलाही नाही."

जेवताना मॉरीननं देवाचे आभार मानले, पण आमेन व्हायच्या आत डेलबर्ट उठला होता. मक्याची भाकरी हातात तशीच. दोनदा वाटेवर जाऊन बघून आला, जसं काही झाड स्वतःहून उठून गेलं असेल.

शनिवारी बाकीचे पुन्हा वर गेले. डेलबर्ट आणि इनेस छोटी करवत घेऊन भिडले. तिचा पल्ला आखूड, काम निम्म्या वेगानं. आणि चीर अजून अर्ध्यावर असतानाच खालून घंटा वाजल्या. वळणावरून खेचरं आली. पुढे सायरस ब्लेडसो, म्हातारा, तोंडात काडी. मागे करड्या खेचरावर ताठ बसलेली ॲव्हिस, डोक्यावर चर्चला घालते ती निळी टोपी.

ओंडक्यापुढे खेचर थांबलं. मग ॲव्हिस म्हणाली, "हे काय, डेल?"

"थोडं राहिलंय."

"तुझं नेहमीच थोडं राहिलेलं असतं."

सायरसनं काडी एका गालातून दुसऱ्यात नेली. "त्यात काय एवढं? डावीकडे ओली कुरणपट्टी आहे. तिकडून वळसा घालून नेतो. या बाईंना तळं दाखवून दुपारपर्यंत खाली. मॉरीन वर आहे, तिला वाटेल ओंडका कापूनच आलो. खरं कोण सांगतंय?"

इनेसनं डेलबर्टकडे पाहिलं. कुरण हिरवंगार, भिजलेलं, गवताच्या मुळांत पाणी उभं. गेल्या साली खालच्या अशाच पट्टीतून कुणी तरी वळसा काढला होता. खेचरांच्या खुरांनी चिखलाचा ओढा झाला, कुरणातलं पाणी त्यातून वाहून गेलं, आणि डेलबर्टच्याच पथकानं सगळा आठवडा गुडघाभर राबून ती जखम बुजवली. इथे हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. हो म्हटलं की शब्द पाळला. नाही म्हटलं की बहीण गेली.

डेलबर्टचे पाय जागच्या जागी नाचत होते. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"नाही," तो म्हणाला. "कुरणातून नाही."

"मग मी परत जाऊ?" ॲव्हिसनं विचारलं.

"तुला जायचं तर जा. मी तोंड दाखवणार नाही, बोललोय तसं. पण वाट इथूनच जाते, ॲव्हिस, आणि ती मी इथूनच काढणार."

बहिणीनं लगाम खेचराच्या मानेवर टाकला. मग म्हणाली, "सायरस, उतरव मला. आणि कमरेला धरू नकोस, मी पोतं नाही."

दगडावर बसली. काठी मांडीवर घेतली. डेलबर्टनं मूठ धरली आणि पहिल्याच ओढीला पुन्हा घाई.

"हळू," ती ओरडली. "अंत्ययात्रेला उशीर झालाय का तुला?"

आणि काठी दगडावर ठोकत तिनं चर्चमधलं एक जुनं भजन धरलं. संथ, जडशीळ, प्रत्येक ओळीला श्वास घेणारं. सायरसनं बेसूर साथ दिली. त्या चालीवर हात टाकल्याशिवाय डेलबर्टला गत्यंतर नव्हतं. ओढलं, सोडलं. इनेसनं ओढलं, सोडलं. सोडण्याचा तो क्षण त्याला चटके देत होता. हात आपोआप पुढे जाऊ बघत होते, आणि दर वेळी भजनाची ओळ त्यांना धरून ठेवत होती. इनेस पाचर पुढे सरकवी, ठोकी, पुन्हा मुठीला येई. माध्यान्ह टळली. मग मधला तुकडा सुटावा म्हणून दुसरी चीर घेतली. डेलबर्टचा शर्ट पाठीला चिकटला, आणि एकदाही त्यानं किती राहिलं ते वाकून पाहिलं नाही.

ओंडक्याचा मधला तुकडा धप्पकन वाटेवर बसला. दोघांनी चढाला पाठ टेकून पायांनी रेटला. तो अडखळला, मग गडगडत खाली झाडीत गेला.

सायरस आभाळाकडे बघत म्हणाला, "आता वर जाता येणार नाही. परतताना नदी अंधारात ओलांडायची नाही मला."

ॲव्हिस खेचरावर चढली आणि लगाम हातात घेऊन त्या खिंडीतून पुढे गेली. दोन्ही बाजूंना ताज्या लाकडाची पांढरी तोंडं, मध्ये ती आणि खेचर. पुढच्या वळणापर्यंत गेली, थांबली, परत आली.

"दिसलं तळं?" डेलबर्टनं विचारलं.

"इथून कसं दिसेल? वेडा आहेस का?" तिनं टोपी सारखी केली. "मंगळवारी जेवायला ये. आणि इनेस, तूही ये ग. हा एकटा आला तर अर्धं जेवून उठतो."

खेचरं खाली गेली. डेलबर्ट कापलेल्या फरावर बसला. इनेसनं हत्यारं गोळा केली, पाचरी मोजून पिशवीत भरल्या, करवतीला म्यान घातलं, तरी तो बसलेलाच होता. घंटा ऐकू येईनाशा झाल्या, तरीही.

तर श्रोतेहो, कधी रानातल्या पायवाटेनं गेलात आणि वाटेच्या दोन्ही अंगांना कापलेल्या झाडाची तोंडं दिसली, तर पाऊल जरा थांबवा. आपण चालावं म्हणून तिथे कुणी तरी ओढलं आहे आणि सोडलं आहे. तेवढ्यापुरती त्या डेलबर्ट नाइगार्डची आठवण ठेवा.