काजं-बटणं सोडून सगळं

काकूंची थोरली बहीण त्यांना दर वर्षी आठवडाभर राहायला बोलवायची आणि काकू दर वर्षी "येते" म्हणायच्या. पिशवी भरायच्या. मग ऐन वेळी दुकानात असं काही तरी निघायचं, की भरलेली पिशवी पुन्हा कपाटावर चढायची. या वर्षी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "मला दिसेनासं झाल्यावर तोंड दाखवायला येणार आहेस का?" हे बोलणं काकूंच्या जिव्हारी लागलं. या खेपेला जायचंच, आणि आठवडा पुरा करूनच परतायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पण जायचं म्हणजे शिवणाचं दुकान एकट्या मास्तरांवर सोडायचं. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. त्यांचा हात असा, की त्यांनी शिवलेला कोट अंगात घातला की वाकलेला माणूससुद्धा ताठ उभा राहायचा. फक्त तो कोट कधी मिळेल, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की मास्तर छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "उद्या या." नवं कापड समोर आलं की जुनं बाजूला पडायचं, ते गिऱ्हाईक भांडायला येईपर्यंत. त्या वेळी काकू मध्ये पडायच्या, चहा द्यायच्या आणि निभावून न्यायच्या.

तोडगा काढला जावईबापूंनी. ते एका मोठ्या कचेरीत होते. तिथे ते काम करतात की नुसते कामाचे बेत करतात, हे काकूंना अजून उमगलं नव्हतं, पण माणूस मनाचा मोठा गोड. त्यांनी दोघांचे फोन घेतले आणि त्यावर एक फळा उतरवून दिला. फळ्याला तीन रकाने : करायचंय, चाललंय, झालं. एकेका कामाची एकेक पाटी. काम पुढे सरकलं की बोटानं पाटी सरकवायची. पाटी शेवटच्या रकान्यात गेली की फोन टिंग करायचा, आणि एकानं सरकवलेलं दुसऱ्याला कुठूनही दिसायचं.

मग आठवडा मांडायला घेतला. जावईबापू विचारत होते, काकू खिडकीशी बसून सांगत होत्या. रविवारी बुवांच्या गाण्याच्या मंडळीला लागणारे निळे कोट. हेडमास्तरांची उसवलेली पँट. मशीनला तेल. दुकानाची काच पुसणं. कुठलीच गोष्ट बारीक समजायची नाही, असं जावईबापूंचं म्हणणं. प्रत्येक पाटीला वार दिला, रंग दिला. शेवटी ते म्हणाले, "आई, नीट आठवा. आणखी काही?"

काकूंनी हातातल्या सदऱ्याला बटण लावून दातांनी दोरा तोडला, दुकानभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "नाही हो. आलं सगळं."

ताईच्या घरी पोचल्यावर काकूंचा पहिला दिवस धाकधुकीत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र फोन टिंग करू लागला. काच पुसली. तेल घातलं. पँट झाली. मास्तरांना त्या आवाजाची अशी काही गोडी लागली, की ज्यांनी जन्मात घड्याळ मानलं नाही ते वार पाळू लागले. काकू कौतुकानं ताईला फोन दाखवायच्या. ताईच्या एका डोळ्यावर पट्टी, त्यामुळे ती दुसऱ्यानं बघायची.

पण कौतुकाचं हळूहळू भलतंच होऊ लागलं. आपण नाही तरी दुकान इतकं सुरळीत? कुणी भांडत नाही, काही अडत नाही? माणसाला आपली गरज संपावी असं वाटतं थोडंच. टिंग झालं की काकू फोन पालथा घालायला लागल्या. ताईनं ते ताडलं आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं खोळंबा तुझ्यामुळेच होत होता म्हणायचा."

गुरुवारी निळ्या कोटांची पाटीसुद्धा शेवटच्या रकान्यात गेली. शुक्रवारी सकाळी बुवांचा फोन आला.

बुवा म्हणजे सात्त्विक माणूस, देवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी पिणार नाहीत. आधी त्यांनी ताईच्या डोळ्याची विचारपूस केली. मग कोटांची तोंडभरून स्तुती केली. मग जरा घुटमळून म्हणाले, "एवढंच आहे काकू, की ते मिटत नाहीत."

प्रकार असा, की कोटांना ना काज होतं ना बटण. मास्तरांना विचारलं तर त्यांनी फोन पुढे केला आणि काहीही बाकी नसल्याचं दाखवून दिलं. "आता सगळ्यांनी एका हातानं कोट धरून गायचं का?" बुवा म्हणाले. "देवाचं काही नाही, तो आतलं बघतो. पण समोर बसणारे बाहेरचंच बघतात."

काकू आधी हसल्या आणि मग हसता हसता त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. काजं-बटणं त्या करायच्या. दूध तापेपर्यंत, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, कुणाची ख्यालीखुशाली ऐकताना. लग्न झाल्यापासून करत होत्या. पण ते काम आहे, असं त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. जावयानं नीट आठवायला सांगूनही त्यांनीही नव्हतं.

मास्तरांशी बोलणं झालं. त्यांच्या मते उपाय सोपा होता. काकूंनी दुपारची बस धरली तर संध्याकाळी कामाला बसता येईल. काकूंचा हात सवयीनं पिशवीकडे गेला. ताई नुसती भिंतीकडे तोंड करून बसली.

काकूंनी पिशवी सोडून फोन घेतला. एकेक अक्षर शोधत नवी पाटी लिहिली : काजं-बटणं. वार आजचा. कुणी करायचं, त्या जागी मास्तरांचं नाव.

लगेच फोन वाजला. जावयाचं यंत्र बिघडलंय, भलतंच काम माझ्या नावावर पडलंय, अशी मास्तरांची तक्रार होती.

"यंत्राला काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "मी टाकलंय."

मग मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, मला काज येत नाही."

दुपारी ते कोटांचं गाठोडं घेऊन स्वतःच ताईच्या दारात उभे राहिले. ताईला भेटायला म्हणून आलो, म्हणाले. गाठोडं मात्र त्यांनी काकूंच्या पुढ्यात ठेवलं. काकूंनी त्यांना पाणी दिलं, सुई दिली, सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान चढवून दिलं आणि एक कोट मांडीवर टाकला. सुईत दोरा ओवताच मास्तरांनी घाईनं पाटी 'चाललंय'मध्ये सरकवली, पण त्या रकान्याला आवाज नव्हता.

पहिलं काज उंदरानं कुरतडल्यासारखं निघालं.

"मला एका डोळ्यानंसुद्धा वाकडं दिसतंय," ताई म्हणाली.

मास्तरांनी मुकाट्यानं ते उसवलं. काकूंनी शेजारी बसून पुन्हा दाखवलं, आणि पुन्हा. काही कोट त्यांनी स्वतःही केले, कारण बुवांच्या मंडळीचा काही अपराध नव्हता. ऊन उतरलं तेव्हा मास्तरांची काजं काजांसारखी दिसू लागली होती. ती फार सावकाश उमटत होती, पण परत जायला उद्याचा अख्खा दिवस होता.

डॉक्टरांनी ताईला संध्याकाळी चालायला सांगितलं होतं. काकू उठल्या, पदर सारखा केला आणि चपला घातल्या.

"आणि हे?" मास्तरांनी गाठोड्याकडे बघून विचारलं.

"चहा झाकून ठेवलाय," काकू म्हणाल्या.

दोघी बहिणी जिना उतरून रस्त्यावर आल्या. काही पावलं गेल्या नाहीत तोच वरची खिडकी उघडली आणि मास्तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारते झाले, "अगं, गाठ कुठे मारायची?"

काकू मागे वळल्या नाहीत. ताईचा हात आपल्या हातात घेत त्या म्हणाल्या, "आतून."