टाळ्यांनंतरचे सूर

आखातातल्या मेसईदच्या दुपारच्या उन्हाला रंग नसे. ते नुसतं पांढरं असे, डोळ्यांना टोचणारं. आणि खिडकीच्या जाड पडद्यांतून गाळून आत येताना त्याचा जो मवाळ अंश उरे, तो उषाताईंच्या हातांवर पडे. लांब, सडपातळ बोटं, मुळापर्यंत कापलेली नखं, आणि डाव्या हातातली एकुलती बांगडी, वाजू नये म्हणून कोपराकडे सरकवलेली. बाहेर शमाल, म्हणजे उत्तरेकडचा धुळीचा वारा, सुटला की दारं-खिडक्या कितीही घट्ट लावा, पिठासारख्या वाळूचा एक थर घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसेच. म्हणून वाजवायला बसण्याआधी त्या पियानोच्या पट्ट्यांवरून हलकेच फडकं फिरवत, क्षणभर डोळे मिटत, आणि मग पलीकडच्या पोलाद कारखान्याच्या अखंड घरघरीतून एक कोवळा सूर असा वर येई, जणू तो त्या घरघरीतच इतका वेळ दडून बसला होता.

मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत असे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. साताऱ्याहून लग्न होऊन मी थेट या वाळूच्या आणि धुराड्यांच्या गावात येऊन पडले होते. माझे यजमान खताच्या कारखान्यात, आणि उषाताईंचे यजमान अच्युतराव लिमये पोलादाच्या भट्टीवर इंजिनियर. लिमये मूळचे नाशिकचे. त्यांचा एकुलता मुलगा मिलिंद तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र इंग्रजीत देई.

तो पियानो मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज कुटुंबाकडून त्यांनी घेतला होता. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेनं त्याच्या काही पट्ट्या मुक्या झालेल्या. सूर लावून देणारा माणूस साऱ्या मुलखात मिळत नसे. वाजवता वाजवता अशी मुकी पट्टी आली की तेवढा सूर उषाताई गळ्यातून गुणगुणत. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या वसाहतीतल्या मुलांना वाटे, वाजवण्याची रीतच ती आहे. तीही त्या जागी गुणगुणत.

लहानपणी पुण्याच्या कॅम्पात एका गोवेकर मास्तरांपाशी त्या हे वाद्य शिकल्या होत्या, आणि त्या मास्तरांनी त्यांना वाजवण्याबरोबर एका माणसाचं वेडही दिलं होतं. शतकापूर्वीचा तो रशियन संगीतकार. त्याचं नाव उच्चारायला माझी जीभ वळत नसे, म्हणून मी त्याला ‘रशियन बुवा’ म्हणे, आणि पुढे उषाताईही हसून तेच म्हणू लागल्या. बुवांविषयी त्या अशा बोलत, जसं आपण सासरच्या एखाद्या हळव्या, जरा विक्षिप्त दिरांविषयी बोलावं. कायद्याचं शिक्षण घेऊन सरकारी कचेरीत खर्डेघाशी करणारा हा माणूस उशिरानं संगीताकडे वळला. वाद्यवृंदासमोर उभं राहायची त्याला इतकी धास्ती, की आपलं डोकं निखळून पडेल असं वाटून तो एका हातानं हनुवटी धरून ठेवी. एक श्रीमंत विधवा वर्षानुवर्षं त्याचा चरितार्थ चालवत होती, अट एकच: कधी भेटायचं नाही. विद्वान त्याच्या सुरावटींना सवंग म्हणत राहिले, आणि लोक त्या गुणगुणत राहिले.

एक गोष्ट सांगताना मात्र उषाताईंचा आवाज उतरे. लहानपणी त्याला आईनं दूरच्या शाळेत ठेवलं. ती परत निघाली तेव्हा हा पोर तिच्या घोडागाडीच्या मागे धावला आणि चाकाला हात घालून गाडी धरू पाहू लागला. पुढे तो चौदा वर्षांचा असताना ती पटकीनं गेली. ‘ते चाक त्याच्या हातातून कधी सुटलंच नाही,’ असं त्या म्हणत, आणि मग पडद्याकडे बघत बसत.

त्या काळी मेसईदला मोठ्या इयत्तांची सोय बेताची होती. बहुतेक घरांतली मुलं एका वयानंतर भारतात वसतिगृहात जात. कुणी त्याला निर्णयसुद्धा म्हणत नसे. अच्युतरावांनी घाटावरची एक चांगली निवासी शाळा निवडली. उषाताईंनी विरोध केला नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस अच्युतराव मिलिंदला पोहोचवायला निघाले तेव्हा आम्हीही दोह्याच्या विमानतळावर गेलो होतो. मिलिंदनं नवे बूट घातले होते. त्यानं आईला मिठी मारली, ‘ओके आई, बाय,’ म्हणाला, आणि वडिलांच्या पुढे पुढे चालत काचेच्या दारापलीकडे गेला. वळून त्यानं एकदा हात केला इतकंच. परतताना कंपनीच्या बसमध्ये उषाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “धावत आला असता तर बरं झालं असतं गं मंदा. आमचा फार शहाणा निघाला.”

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. तिकडच्या गढूळ पाण्याचं निमित्त. पाणी उकळून पी, हे उषाताई प्रत्येक फोनवर सांगत. पण वसतिगृहात पाणी कोण उकळून देणार? आधी नुसता ताप आहे असा निरोप आला, मग बरं वाटतंय असा, आणि मग एका गुरुवारी दुपारी अच्युतराव भर पाळी सोडून घरी आले. दारातून मी त्यांना पाहिलं. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते ओट्यापाशी गेले, उषाताईंच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, खाली ठेवलं, आणि मग सांगितलं.

त्या देशाबाहेर पडायला कंपनीच्या सहीचा परवाना लागे आणि पासपोर्टही कंपनीच्याच तिजोरीत असत. गुरुवारी दुपारनंतर कचेऱ्या बंद झालेल्या, शुक्रवार सुट्टीचा. सही करणारे साहेब वाळवंटात तंबू ठोकून बसलेले. त्यांना शोधायला माझे यजमान आणि एक पठाण ड्रायव्हर गाडी घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. जो भेटला तो मनापासून हळहळला, ‘इन्शाल्ला, शनिवारी’ म्हणाला. ते दोन दिवस उषाताई भिंतीला टेकून जमिनीवर बसून होत्या. रडत नव्हत्या. परवाना हाती पडून, विमान मिळून त्या तिथे पोहोचल्या तेव्हा अंत्यविधीसकट सारं आटोपलं होतं. वसतिगृहातल्या मावशीनं त्यांच्या हातात दिले ते मिलिंदचे बूट. तळवे फारसे झिजलेलेही नव्हते.

त्या मेसईदला परत आल्या आणि पियानोचं झाकण त्यांनी लावलं ते कायमचं. मुलं शिकायला येईनाशी झाली. कारखान्याच्या चिमणीवरची ज्वाला अहोरात्र जळे आणि तिचा तांबूस उजेड लिमयांच्या बैठकीच्या भिंतीवर थरथरत राही. त्या उजेडात नवरा-बायको समोरासमोर बसत आणि भाजी, बस, हवामान याखेरीज कशाविषयीच बोलत नसत. मिलिंदचं नाव त्या घरात कुणी घेईना. अच्युतरावांना वाटे, ती आपल्याला दोष देते आहे. उषाताईंना वाटे, बोललो तर दोष तोंडातून निघेल. दोघांनीही हे मला वेगवेगळं सांगितलं होतं.

आणि बुवा मात्र कुठेही गाठत. लोकप्रियतेला दया नसते, हे मी त्या वर्षात पाहिलं. इंग्रजांच्या क्लबात नाताळासाठी पोरी नाचाची तालीम करत, ती त्यांच्याच सुरांवर. दोह्याच्या हॉटेलात लिफ्टच्या दारापाशी तेच सूर झिरपत, टीव्हीवर बातम्यांआधी काही क्षण वाजत, ते त्यांचेच. एकदा आम्ही दोघी सुकमध्ये, तिथल्या बाजारात, गेलो होतो. दुकानदारानं कौतुकानं एक दागिन्यांची पेटी उघडून दाखवली; आत आरशावर एक इवलीशी नर्तिका गिरक्या घेऊ लागली आणि कृश, गोड आवाजात बुवांचेच सूर वाजू लागले. उषाताईंनी हात पुढे करून पेटी सावकाश मिटली. दुकानदाराला ‘शुक्रन’ म्हणाल्या. बाहेर आल्यावर भिंतीच्या सावलीत थांबल्या आणि अगदी शांतपणे बोलल्या, “शंभर वर्षं झाली, लोकांनी ह्याला मरू दिलेलं नाही. आणि माझ्या पोराचं नाव आमच्याच घरात कुणी काढत नाही.”

मी ते जसंच्या तसं अच्युतरावांना सांगितलं. पुढे हिवाळ्यात, आम्हा मराठी कुटुंबांच्या शुक्रवारच्या एका मेळाव्यात, त्यांनी जाहीर केलं की आज उषा सगळ्यांना बुवांची शेवटची सिंफनी ऐकवणार आहे. त्यांनी उषाताईंना आधी विचारलं होतं, आणि त्या हो म्हणाल्या होत्या. दोन्ही गोष्टींचं मला नवल वाटलं. क्लबच्या छोट्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, टेपरेकॉर्डर मोठ्या स्पीकरला जोडला. उषाताईंनी मोजक्या शब्दांत सांगितलं की ही रचना बुवांनी स्वतः वाद्यवृंदासमोर उभं राहून पहिल्यांदा सादर केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. उकळलेलं नव्हतं असं पाणी प्यायले म्हणतात. ‘पाणी’ हा शब्द उच्चारून त्या थांबल्या आणि त्यांनी कळ दाबली.

त्या रचनेच्या तिसऱ्या भागात एक विजयी दौड आहे. नगारे आणि कर्णे असे उसळतात, की श्रोत्याला वाटावं, आता सगळं जिंकलं, आता संपलं. ते थांबलं तशा आमच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कुणी ‘वा’ म्हणालं, खुर्च्या सरकल्या, मंडळी बटाटेवड्यांच्या टेबलाकडे वळली. कुणीतरी उत्साहानं टेप बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” उषाताई म्हणाल्या. “अजून संपलेलं नाही.”

मग तो अखेरचा भाग सुरू झाला. व्हायोलिनांचा एक दीर्घ, खाली खाली उतरत जाणारा निःश्वास. जणू कुणी पायऱ्या उतरतं आहे आणि तळ लागत नाही. हॉलमध्ये बश्यांचा आवाज होता, चटणी मागितली जात होती, पोरं धावत होती. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये त्या एकट्या ताठ बसल्या होत्या. अच्युतराव हातातली बशी ठेवून परत आले, शेजारच्या खुर्चीवर बसले आणि स्पीकरकडे बघत राहिले. सूर मंदावत मंदावत खर्जात गेले, इतके की ते चालू आहेत की आपल्या कानातच उरले आहेत ते कळेना. मी त्यांच्या मागेच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

“मिलिंदला मी पाठवायला नको होतं,” अच्युतराव म्हणाले.

“आपण पाठवलं,” उषाताई म्हणाल्या. “दोघांनी.”

आणि त्या रडल्या. त्या गुरुवारपासून न रडलेलं सगळं, तोंडाला पदर न लावता, उघडपणे. अच्युतरावांनी त्यांचा हात धरला. हळूहळू टेबलापाशी शांतता पसरली, पण जवळ कुणी आलं नाही, आणि तेच योग्य होतं.

त्यानं काही बरं झालं असं मी म्हणणार नाही. उषाताई पुन्हा वाजवू लागल्या नाहीत. तेलाचे भाव कोसळले तसे कारखान्यांतली माणसं कमी होऊ लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लिमये नाशिकला परतले. आम्ही सुट्टीवर गेलो तेव्हा त्यांना भेटलो. केस पांढरे झाले होते, बोलणं सावकाश झालं होतं. पण बोलता बोलता ‘मिलिंदला हे आवडलं असतं’ असं अच्युतराव सहज म्हणाले, आणि उषाताईंनी ‘त्याला कसलं आवडतंय’ म्हणून ते खोडून काढलं, जसं घरात वावरणाऱ्या माणसाविषयी आई-बाप किरकोळ वाद घालतात. निघताना मी विचारलं, आता तो केवढा असता? उषाताई विचारात पडल्या. हिशेब जमेना म्हणून नव्हे. तो मोठा झालेला त्यांना दिसेचना.

काळ माणसं घेऊन जातो, पण गेलेल्याचं वय तो पुढे सरकवत नाही. त्याच्या वाट्याची वर्षंही मागे उरलेल्यांनाच जगावी लागतात.