दाव्यासकट

तानाबाईनं कुंडीत कोपरापर्यंत हात घातला, शेणकाल्यातली पाचटाची काडी चाचपून काढली आणि बाहेर फेकली. काडी आत गेली की गोबरगॅसची नळी तुंबते. लेक विजयसिंह रांगत होता तेव्हा तिच्या नवऱ्यानं ही टाकी बांधली. पुढं नवरा गेला, म्हशी बदलल्या, कालवणारे हात तेवढे तेच राहिले. आता सकाळी बोटं उघडत नसत. कोमट पाण्यात धरून एकेक सोडवावं लागे.

दिवाळीत लेकानं शब्द दिला होता, की म्हैस विकू, तू निवांत बस. म्हणून आज वडगावच्या बाजारातला जनावरांचा दलाल, हेडी गुंडू, खांद्यावर दोर टाकून म्हैस न्यायला आला होता.

"पावणं, च्या घ्या," विजयसिंह म्हणाला, "पर म्हस द्यायची न्हाय."

"अरं, शब्द झालाय की आपला!"

"तवा सिलिंडर मिळत हुतं. आता तिकडं आखातात गॅसच्या बोटी अडकल्यात."

"बोटी आखातात अडकल्या, आन् म्हस माझी अडकली व्हय?"

स्वयंपाकघराच्या दारातून सून संयोगिता हसली. "गल्लीत समद्यांनी चुली मांडल्यात, मामा. आमच्याच घरात निळा जाळ हाय. कालिजच्या पोरी फोटू काढून गेल्या."

पोरी आल्या होत्या खऱ्या. परदेशी तेलाला हेच उत्तर आहे, असं त्यांच्या सरांनी नाकाला रुमाल लावून सांगितलं होतं. मग पोरींनी तानाबाईला विचारलं, "आजी, तुम्हाला कसं वाटतं?"

"वास येतोय," ती म्हणाली होती. पोरी खूप हसल्या होत्या.

तानाबाई कुंडीपासून उठली. गुडघ्यावर हात टेकून उठायला तिला वेळ लागला.

"म्हस ठेवा. पर उद्यापासनं शेण कोण कालवणार?"

विजयसिंहानं खिशातला फोन काढून बघितला. संयोगितानं पदर सारखा केला.

"आत्ती, तुमच्यावानी आमाला जमतंय व्हय?"

"तुझ्या हाताला सवय हाय, आई," विजयसिंह म्हणाला.

तानाबाईनं हात धुतले. नखांतलं शेण निघालं नाही. ती गोठ्यात गेली आणि चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. म्हैस तिच्या भावानं दिलेली. या म्हशीवर दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नव्हता.

"गुंडू, सोड म्हशीला."

"आई!"

तिनं लेकाकडं बघितलं नाही. गुंडूनं वाकून चंद्रीच्या गळ्यातलं दावं काढायला घेतलं. जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. दावं घरात राहिलं, की त्याच्या मागं दुसरं जनावर येतं. आजवर विकलेल्या म्हशींची दावी तानाबाईनंच खुंटीला टांगून ठेवली होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दाव्यासकट ने."

गुंडूचा हात थांबला. "आक्का, दावं कुणी देतं व्हय? गोठा रिकामा पडतोय."

"म्हाईत हाय."

मग तिनं टाचा उचलल्या. खुंटीवरची जुनी दावी बोटांना लवकर सुटेनात. तिनं ती एकेक करून काढली आणि गुंडूच्या खांद्यावर ठेवली.